पाण्यामागची बैलजोडी

आमच्या घरी एक बैलजोडी होती आणि ती दगडात होती. नागपूरच्या फ्लॅटमध्ये बसून मी हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस चहाचा कप हळूच खाली ठेवतो आणि माझ्या सुनेकडे बघतो. सून बिचारी सावरून घ्यायला जाते, "म्हणजे मूर्ती, ना आई?" मूर्ती नाही गं बाई. बैल. खडकात कोरलेले, पण बैल. आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, त्याला दुसरं काही म्हणत नव्हते आणि म्हणायची गरजही पडली नव्हती, माझ्या थोरल्या बहिणीच्या, पमाताईच्या सोयरिकीपर्यंत.

चिखल्याच्या मँगनीज खाणीमागची टेकडी उतरली की आमची टोली, आणि टोलीच्या पाठीला बैलखोरी. दोन काळ्या कड्यांमधली अरुंद दरी. आठ महिने तिथे पाण्याचा टिपूस नसायचा. खाली कोरडी रेती, मध्ये मध्ये बोरीची काटेरी झुडपं, आणि दगड असे तापलेले की दुपारी बकऱ्यासुद्धा त्या वाटेला जात नसत. पाऊस चांगला लागला की मात्र वरच्या काठावरून पाण्याची धार सुटायची, तिचा आवाज घरात भात शिजताना ऐकू यायचा, आणि दिवाळीच्या सुमाराला ती पुन्हा गायब. धारेच्या मागे खडकाचं पोट आत गेलेलं होतं. त्या आतल्या भिंतीवर कोणे एके काळी कोणीतरी जनावरं कोरून ठेवली होती. बैल, हरणं, हात वर करून नाचणारी माणसं, आणि एक असं काहीतरी, ज्याला अर्धी टोली हत्ती म्हणायची आणि अर्धी डुक्कर. आता शिकलेले लोक कॅमेरे घेऊन येतात आणि हजारो वर्षांच्या गोष्टी करतात. आम्हाला कोणी विचारलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, आजोबाच्या आधीचे आहेत.

तर त्या जनावरांचे हिस्से होते. टोलीतल्या बहुतेक घरांत खरा बैल पोसायची ऐपत नव्हती. माणसं खाणीत जायची नाहीतर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायची. पण पोळ्याच्या दिवशी कोणाच्या दारात बैल नाही असं कसं चालेल? म्हणून कधीतरी कोणीतरी खडकातले बैल वाटून घेतले होते, आणि एकदा वाटले म्हटल्यावर ते वाटणीत आले. भाऊ वेगळे निघाले की एकाला पितळेची गुंडी आणि हरीण, दुसऱ्याला बैल आणि परसातलं सीताफळाचं झाड. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तलावात सोडले, पूजा सोडली, नवस सोडले. बैल सोडले नाहीत. आजी म्हणायची, "देव होते ते गेले. बैल काही देव नाई, ते आपल्या हिश्शाचे हाय." त्यामुळे पोळ्याला बाकीचे लोक आपापल्या बैलांना गेरू-हळद लावायचे आणि आमचे बाबा ओल्या फडक्याने फक्त धुवायचे. तुम्ही हसाल, पण नागपुरात तान्ह्या पोळ्याला मोठमोठ्या घरची पोरं लाकडाचे बैल सजवून गल्लीभर फिरवतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही. लाकडाचा चालतो आणि दगडाचा चालत नाही, हा कुठला न्याय?

आमची जोडी मात्र सगळ्यांत देखणी होती, हे मी आपलं म्हणून सांगत नाही. दोन बैल शेजारी शेजारी, मानेवर जू, शिंगं वर. उजव्या बैलाबद्दल वाद नव्हता. डाव्याबद्दल होता. शेजारच्या नथ्थूकाकाच्या आजोबाने तो आमच्या आजोबाला एका मोहाच्या झाडाच्या बदल्यात दिला होता. पुढे वावटळीत ते झाड पडलं. नथ्थूकाकाचं म्हणणं, झाड गेलं म्हणजे सौदा मोडला, बैल परत. बाबांचं म्हणणं, झाड तुझ्या आवारात पडलं, सरपण तू जाळलं. या वादापायी दोन्ही घरांचं एकमेकांकडे भाजीची वाटी पाठवणं कधी थांबलं नाही, वाटी परत करताना नथ्थूकाका दारातून ओरडायचा, "बांबूच्या वास्त्याची भाजी मस्त झाली होती वहिनी, अन् डावा माझा हाय!"

बाबा खाणीत छत पाहायचे. गँग आत जायच्या आधी लोखंडी गज घेऊन हे पुढे जायचे, वरचा दगड ठोकायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "ठीक." किंवा म्हणायचे, "नाही." तिसरा शब्द नाही. त्या एका शब्दावर माणसं आत जायची आणि संध्याकाळी जिवंत घरी यायची, म्हणून असेल, बाबांच्या तोंडून खोटं कधी निघत नसे. पण विचारलं तेवढंच. मायने विचारावं, "जेवले का?" तर म्हणायचे, "हो." कुठे, काय, कोणाकडे, त्यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागत. माय वैतागायची, "ह्या माणसाच्या तोंडातून गोष्ट काढणं म्हणजे विहिरीतून बादली काढणं हाय." मायचं सगळं उलट. लाखोळीच्या डाळीचे वडे तळता तळता ती पूर्ण टोलीची बातमी सांगायची, आणि दुपारी खाणीतला सुरुंग उडाला की फळीवरची भांडी जशी खणखणत तसं तिचं बोलणं क्षणभर थरथरून पुन्हा सुरू व्हायचं.

पमाताई माझ्याहून बरीच मोठी. सावळी, उंच, आणि डोक्यावर दोन गुंडे घेऊन असं चालायची की वरच्या गुंड्यातलं पाणी हलायचं नाही. पाणी आणणं हेच तिचं आयुष्य होऊन बसलं होतं. दोन सोयरिकी येऊन मोडल्या होत्या, दोन्ही देण्याघेण्यावरून, आणि दुसरी मोडल्यावर तिने बोलणं कमी केलं होतं. मग मामाने जवाहरनगरचं स्थळ आणलं. मुलगा वसंता, फॅक्टरीत लागलेला, राहायला क्वार्टर. मुलाचे वडील डोमाजी, तेही तिथेच कामाला, आणि मोहाडीजवळ त्यांची धानाची थोडी शेती. बघायला आले तेव्हा वसंता ताईशी एकच वाक्य बोलला. मान खाली घालून म्हणाला, "आमच्या क्वार्टरात नळ हाय." रात्रभर ताई ते वाक्य मला ऐकवत होती. "बेबे, घरातच नळ! फिरवला की पाणी!" त्या पोराला माझी बहीण काय कळली होती कोण जाणे, पण नेमकं तेच बोलला.

खरी गंमत त्याच बैठकीत झाली. डोमाजी म्हणजे धिप्पाड माणूस, खांद्यावर दुपट्टा, आवाज भारदस्त. पोह्यांची प्लेट संपवून त्यांनी चौकशी सुरू केली.

"शेती?"

"थोडी हाय जी," बाबा म्हणाले.

"बैल?"

"हाय. एक जोडी."

आत मायच्या हातातली पळी कढईवर आपटली.

"कसे हाय?"

"जुने हाय. पण मजबूत."

"मारके त नाई ना?"

"नाई. एका जागी उभे राहते."

"खायले किती लागते?"

बाबांनी जरा विचार केला. "खाण्याचा काही खर्च नाई जी."

डोमाजींनी मामाकडे असं पाहिलं, जणू असा सोयरा शोधून सापडणार नाही. मग ते सरसावून बसले. "पाहा पाहुणे, हुंडा आम्ही घेत नाई. आमच्या घरात ते बोलणंच नाई. पण एक अडचण हाय. माझा एक बैल मागच्या साली मेला. दुसरा एकटा काय करन? यंदा चिखलणीले तुमची जोडी द्या. रोवणा झाला का आणून देतो. येवढं केलं त पोरगी आमची."

माय पडद्यापर्यंत आली होती. ती बोलणारच होती. पमाताईने तिचा पदर मागून घट्ट धरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "माय, आत्ता नको. मले तिथंच जायचं हाय." मी तिथे उभी होते. ताईचे डोळे भरले होते. मायने पदराकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

बाहेर बाबा म्हणत होते, "आमचे बैल गावाच्या बाहेर जात नाई जी."

"काहून?"

"सवय नाई."

"सवय लागते हो!" डोमाजी खो खो हसले, मामाने घाईघाईने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, आणि झालं. पाहुणे गेल्यावर माय बाबांवर जी तुटून पडली! "तुमाले जीभ दिली हाय का नाई? दगडाचे हाय म्हणून सांगाले काय झालं?" बाबा शांतपणे म्हणाले, "त्यानं बैल विचारले, मी बैल सांगितले. दगडाचे का म्हणून विचारलं का त्यानं?" आता इतक्या वर्षांनी मला वाटतं, त्यात लबाडी अजिबात नव्हती. त्यांच्या लेखी बैल होते. पण माणूस घाबरल्यावर खरंसुद्धा किती सोयीचं बोलतो, हेही तेव्हाच कळलं.

साक्षगंध झालं. लग्न दिवाळीनंतर ठरलं. मग पाऊस आला, खोरीतून धार सुटली, बांध्या भरल्या, आणि घरात कोणी कोणाशी बोलेना. पमाताई धारेवरून पाणी आणायला गेली की उशिरा यायची. एकदा मी मागोमाग गेले तर ती पाण्यामागे त्या दोन बैलांसमोर उभी होती आणि चक्क त्यांना रागवत होती. "दोन दिवस चालले असते त काय झालं असतं तुमाले?"

आणि एका सकाळी डोमाजी आले. बरोबर एक गडी. गड्याच्या खांद्यावर नवीन दोर, हातात घुंगरमाळा. धानाच्या रोपांचे पऱ्हे वर आले होते, चिखलणी खोळंबली होती, आणि माणूस रजा टाकून जोडी न्यायला आला होता. माय आतल्या आत पुटपुटली, "बैल गेला अन् झोपा केला," आणि चहा टाकला. बाबांनी टोपी घातली. म्हणाले, "चला."

टोलीत बातमी पसरायला काय लागतं? बाबांचे बैल न्यायला माणूस आला, हे ऐकून सगळी टोली छत्र्या-पोती डोक्यावर घेऊन मागे निघाली. आणि मजा अशी, की यात काही विचित्र आहे असं एकालाही वाटलं नाही. म्हातारी भागरथाबाई तर डोमाजींच्या शेजारून चालत उपदेश करत होती, "उजवा गरीब हाय, बाबू. डावा जरा रागीट दिसते, पण आतापर्यंत कोणाले मारलं नाई." डोमाजी गंभीरपणे मान हलवत होते.

धारेच्या बाजूने शेवाळलेल्या दगडावरून आत जायची वाट होती. आम्ही आत गेलो. समोर पाण्याचा पडदा, आवाज असा की ओरडूनच बोलावं लागे. डोमाजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"कुठं हाय?"

"हे काय," बाबांनी भिंतीकडे हात केला.

डोमाजींनी भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गड्याने दोर सोडला आणि भाबडेपणाने विचारलं, "मालक, दावं कुठं बांधू?"

"पाहुणे," डोमाजींचा आवाज चढला, "माझी थट्टा करून राहिले का?"

"नाई जी. तुम्ही विचारलं, मी सांगितलं."

तेवढ्यात नथ्थूकाका गर्दीतून पुढे घुसला. "थांबा! उजवा न्या, माझं काही म्हणणं नाई. डाव्याले हात लावाचा नाई! डावा माझा हाय!"

"अरे, दगडाचा हाय तो!" डोमाजी ओरडले.

"दगडाचा हाय म्हणून काय फुकटचा हाय?"

मग मोहाचं झाड निघालं, वावटळ निघाली, सरपण निघालं. भागरथाबाईने साक्ष दिली की झाड पडलं तेव्हा ती हजर होती. कोणीतरी म्हणालं, जोडी फोडू नका, बैल एकमेकांशिवाय राहणार नाहीत. डोमाजी एकेका तोंडाकडे पाहत होते. बिचाऱ्याच्या खऱ्या बांधीत खरं धान वाट पाहत होतं, आणि इथे माणसं पाण्यामागे उभी राहून भिंतीवरून भांडत होती. त्यांचा चेहरा लाल झाला. मी पमाताईचा हात धरला होता. डोमाजींनी बोट वर केलं, पाऊल पुढे टाकलं आणि गरजले, "मंग ऐका सगळे! हे लग्न..."

आणि एकदम त्यांनी बाबांचा हात धरला. खांद्यावरचा दुपट्टा घसरला आणि दोघांच्या हातांवर पडला.

सगळी टोली चिडीचूप. ज्यांनी बैलबाजार पाहिला आहे त्यांना सांगायला नको. घेणारा आणि देणारा दुपट्ट्याखाली हात घालतात, बोटं दाबून किंमत ठरवतात, आणि तोपर्यंत तिसऱ्याने तोंड उघडायचं नसतं. नथ्थूकाकासुद्धा गप्प झाला. दुपट्ट्याखाली हालचाल चालू होती. डोमाजींच्या कपाळावर घाम होता. बाबांचा चेहरा छताला कान लावल्यासारखा. मग बाबांनी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडले,

"सौदा झाला!"

काय गलका उठला बाप्पा! गड्याला काय वाटलं, त्याने घुंगरमाळा बैलांच्या शिंगांवरच्या खाचेत अडकवून दिल्या. भागरथाबाईने कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून डोमाजींच्या उघड्या तोंडात कोंबला. गूळ जुना होता, चिवट होता. तो विरघळेपर्यंत माणसाला बोलता येणं शक्य नव्हतं, आणि तोपर्यंत अर्धी टोली त्यांच्या गळ्यात पडून गेली होती. ते वाक्य तसंच राहिलं. हे लग्न काय, ते त्या दिवशी कोणी ऐकलंच नाही.

चिखलणीचं काय झालं? तेही सांगते. नथ्थूकाका घरी येऊन ओसरीत बसला. म्हणाला, सौद्यात डावा गेला, आणि डावा माझा आहे, म्हणजे सोयऱ्याला दिलेल्या शब्दात मीही आलो. बैल तर जागचे हलणार नाहीत. मग खाणीत माणूस नाही आला की बदली देतात, तशी बदली द्यावी लागेल. आणि त्याने स्वतःचे दोन जिवंत, धडधाकट हल्ये, म्हणजे रेडे, मोहाडीला पाठवले. बाबा रजा घेऊन त्यांच्यामागे गेले आणि गुडघाभर चिखलात आठवडाभर राबले. धान त्या साली चांगलं झालं. दिवाळीनंतर लग्न लागलं. बाबांनी आंदण म्हणून उजवा बैल पमाताईच्या नावे केला, आणि कोणी हसलं नाही. मी पहिल्यांदा क्वार्टरात गेले तेव्हा ताईने मला हाताला धरून नळाशी नेलं आणि तो फिरवला. आम्ही दोघी बहिणी उभ्या राहून वाहतं पाणी पाहत राहिलो. माझी ताई सुखात होती. मला रडूच आलं.

दरवर्षी पोळ्याला डोमाजी यायचे. सुनेचा बैल पाहायला म्हणून यायचे, बरोबर नवीन दोर आणायचे. दोघे व्याही पाण्यामागे जायचे, ओल्या फडक्याने बैलांवरचं शेवाळ पुसायचे आणि मग तिथेच बिड्या ओढत बसायचे. बोलायचे फार कमी. आता तिथे लोखंडी जाळी आहे, बोर्ड आहे, शिटी वाजवणारा चौकीदार आहे. मागच्या पोळ्याला पमाताईने जाळीतून हात घातला तर तो धावत आला. "आजी, हात लावू नका, सरकारी हाय." ताई म्हणाली, "डावा असन. उजवा माझा हाय."

डोमाजी शेवटच्या आजारात होते तेव्हा मी भेटायला गेले. ताई पेज भरवत होती. मला पाहून ते हसले, खोकले आणि म्हणाले, "बेबी, आता सांगून टाकतो. सौदा कायचा? मी त लग्न मोडून राहिलो होतो. शेवाळावर पाय सरकला, पडू नये म्हणून तुझ्या बाबाचा हात धरला. दुपट्टा आपोआप पडला. अन् त्या भोळ्या माणसाले वाटलं, सौदा करून राहिला. आता येवढ्या लोकांत नाई कसं म्हणावं? त्याले कधी सांगू नको. त्याले वाईट वाटन." ताईच्या हातातला चमचा थांबला. मग तिने तो पुसला आणि पुन्हा भरवायला लागली.

मी सांगितलं. ते गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, बाबा ओसरीत खाटेवर पडले होते तेव्हा. नथ्थूकाकाकडून आलेली भाजीची वाटी शेजारी होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला तेव्हा काहीच कळलं नाही?"

"कळलं."

"काय कळलं?"

"त्याची चप्पल सरकली. मी पाहून राहिलो होतो ना."

या माणसाकडून पुढचं हवं असेल तर पुढचा प्रश्न विचारावा लागतो, म्हणून विचारला. "मग सौदा झाला म्हणून ओरडलात कशाला?"

बाबांनी वर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "समोर पमा उभी होती."